चवड्यातल्या नसेचं ऑपरेशन: ठरवण्याआधी आणि करून घेतल्यावर

पायाच्या चवड्यात आग होते, तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या येतात, बुटात खडा अडकल्यासारखं वाटतं. बूट काढून पाय चोळला की थोड्या वेळात बरं वाटतं, आणि बूट घालून चालायला लागलं की पुन्हा तेच. हे तुमचंच वर्णन असेल आणि डॉक्टरांनी ‘मॉर्टन्स न्यूरोमा’ असं नाव सांगून ऑपरेशनचा विषय काढला असेल, तर पुढचं वाचा.

ऑपरेशन तसं छोटं आहे. अर्धा-पाऊण तास लागतो आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. त्यामुळे ‘एकदाचं करून टाकू’ असं पटकन तोंडून निघतं. पण या ऑपरेशनच्या सर्वात रूढ प्रकारात नस कापून काढतात, आणि ती पुन्हा मिळत नाही. म्हणून इथे ऑपरेशनपेक्षा त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर जास्त लिहिलंय. माझ्या मते या ऑपरेशनचं यश बरंचसं थिएटरच्या बाहेरच ठरतं.

पायरी १: दुखतंय ते नेमकं काय

तळपायातून बोटांकडे जाणाऱ्या नसा चवड्यातल्या लांब हाडांच्या मधून जातात. बोटांच्या बेचकीत पोचल्यावर प्रत्येक नसेला दोन फाटे फुटतात आणि ते शेजारशेजारच्या दोन बोटांना जातात. या हाडांची टोकं एकमेकांना धरून ठेवणारा एक आडवा पट्टा असतो, आणि नस त्या पट्ट्याच्या खालून जाते. चालताना टाच उचलली, बोटं मागे वळली, की नस पट्ट्याच्या कडेवर ताणली जाते. चिंचोळे बूट आणि उंच टाचा यांनी हे आणखी वाढतं. वर्षानुवर्षं असं झालं की नसेभोवतीचं आवरण जाड होत जातं. या जाड झालेल्या, गाठीसारख्या भागालाच ‘न्यूरोमा’ म्हणतात. गाठ म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात, म्हणून आधीच सांगते: हा कॅन्सर नाही, आणि काटेकोरपणे बोलायचं तर ट्यूमरही नाही.

सर्वात जास्त वेळा हे तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या बेचकीत होतं, त्याखालोखाल दुसऱ्या आणि तिसऱ्या. अंगठ्याशेजारच्या किंवा करंगळीशेजारच्या बेचकीत फारच क्वचित. त्या जागी न्यूरोमा आहे असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला काहीच हरकत नाही. चाळिशी ते साठीतल्या बायकांमध्ये प्रमाण जास्त आहे, पण पळणाऱ्या पुरुषांनाही होतं.

जागा चुकण्याचा इतिहास या आजाराइतकाच जुना आहे. इटलीत चिविनिनी यांना १८३५ मध्ये एका मृतदेहाच्या पायात ही जाड झालेली नस दिसली होती. फिलाडेल्फियाचे थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याबद्दल लिहिलं, पण त्यांना दोष चौथ्या बोटाच्या सांध्यात वाटला आणि ते तो सांधाच काढून टाकत. आजाराला नाव मात्र त्यांचंच मिळालं.

पायरी २: बाकीची कारणं बाद करा

ही पायरी घाईत उरकू नका. नस काढूनही दुखणं तसंच राहिलेल्या लोकांमध्ये बरेच असे असतात, की ज्यांचं दुखणं मुळात त्या नसेचं नव्हतंच.

आग दोन्ही पायांत, मोजा घातल्यासारखी सगळीकडे, आणि रात्री अंथरुणात जास्त होत असेल, तर संशय आधी मधुमेहावर किंवा बी-१२ च्या कमतरतेवर घ्यायचा. शुद्ध शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. चवड्याला सुरी लावायच्या आधी साखर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), बी-१२ आणि थायरॉइड एवढ्या तपासण्या करून घ्या. खर्च फार नाही. न्यूरोमाचं दुखणं याच्या उलट वागतं: एका बेचकीत, बुटात आणि चालताना जास्त, आराम केला की कमी.

घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळपायात करंट जात असेल, तर नस घोट्यापाशी दबलेली असू शकते. कमरेतून किंवा मांडीच्या मागून कळ येत असेल, तर मणक्याकडे बघायला हवं. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी सूज आहे आणि ते बोट हळूहळू वर उचललं जातंय किंवा शेजारच्या बोटावर चढतंय, तर सांध्याखालचा जाड पडदा फाटलेला असतो. याची न्यूरोमाशी नेहमी गल्लत होते. नुकतंच पळणं वाढवलंय आणि थेट हाडावर दाबलं की दुखतं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सकाळी हातापायांचे सांधे आखडत असतील, तर संधिवाताची रक्ततपासणी करा. आणि अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, बधीर चट्टा असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवा. कुष्ठरोगाचे रुग्ण महाराष्ट्रात अजून सापडतात, त्यात पायाच्या नसा जाड होतात, आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आता तपासणी. डॉक्टर एका हाताने तुमचा चवडा दोन्ही बाजूंनी आवळतात आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालून बेचकीत दाबतात. जाड नस हाडांच्या मधून सटकते तेव्हा ‘कट्’ असं जाणवतं. मुल्डर यांनी १९५१ मध्ये ही खूण सांगितली. पण नुसत्या ‘कट्’ला फारसा अर्थ नाही, तसा आवाज निरोगी पायातही येतो. ‘कट्’ झालं आणि त्याच क्षणी तुमची ओळखीची कळ आली, तर ती खूण धरायची. डॉक्टरांनी पाय हातात न घेता फक्त रिपोर्ट बघून ऑपरेशन सुचवलं असेल, तर तिथून उठा.

उभं राहून काढलेला एक्स-रे हवाच, कारण त्यात हाडाचे आजार कळतात. नस दिसते ती सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये. सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टकडे सोनोग्राफी पुरते आणि स्वस्तही पडते. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येसुद्धा अशी जाड नस दिसते. रिपोर्टमध्ये ‘न्यूरोमा’ लिहिलंय एवढ्याने दुखणं त्याचंच आहे हे सिद्ध होत नाही.

याला एक चांगला तोडगा आहे. संशय असलेल्या बेचकीत भुलीचं थोडंसं औषध टोचतात. मग ज्या बुटात त्रास होतो तोच बूट घालून जिना चढा-उतरा, दवाखान्याच्या आवारात चाला. भूल असेपर्यंत दुखणं पूर्ण गेलं, तर जागा बरोबर. फरकच पडला नाही, तर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. औषध जास्त टोचलं तर ते शेजारी पसरतं आणि निकाल फसवा येतो, म्हणून थोडंसंच.

पायरी ३: निदान तीन महिने ऑपरेशनविना

बूट. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि पेन्सिलीने पायाचा आकार काढून घ्या. आता नेहमीचा बूट त्यावर ठेवा. चवड्यापाशी रेघ बुटाबाहेर येत असेल, तर दुखण्याचं अर्धं उत्तर तिथेच सापडलं. पुढून रुंद, लेस असलेला, जाड तळाचा आणि कमी टाचेचा बूट घ्या. कोल्हापुरी चप्पल पुढून मोकळी असते हे खरं, पण तिचा तळ कडक आणि पातळ, त्यामुळे उपयोग नाही. घरातल्या फरशीवर अनवाणी फिरणंही बंद. घरात घालायला मऊ तळाची वेगळी चप्पल ठेवा.

पॅड. बुटात बसवायचा छोटा फुगीर पॅड मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतो. बहुतेक लोक तो दुखऱ्या जागेच्या थेट खाली लावतात आणि दुखणं वाढवून घेतात. तो दुखऱ्या जागेच्या जरासा मागे, टाचेच्या बाजूला यायला हवा, म्हणजे हाडं थोडी फाकतात आणि नसेला जागा मिळते. नेमकी जागा शोधायची सोपी युक्ती: दुखऱ्या ठिकाणी तळपायाला ओलं कुंकू किंवा लिपस्टिक लावा, आतला सोल बुटाबाहेर काढून त्यावर उभे राहा. ठसा उमटेल, त्याच्या लगेच मागे पॅडची पुढची कड येऊ द्या. दोन-तीन दिवस थोडं विचित्र वाटेल.

इंजेक्शन. स्टेरॉइडने काहींना महिनोन्‌महिने आराम मिळतो, काहींना दोन आठवडेच. पुन्हापुन्हा मात्र घेऊ नये. तळव्याची नैसर्गिक गादी पातळ होते, सांध्याचे पडदे कमजोर होतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरा डाग उठून दिसतो. अल्कोहोलची इंजेक्शनं, रेडिओफ्रिक्वेन्सीने नस जाळणं हेही काही ठिकाणी करतात, पण त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. नसेच्या गोळ्यांनी आग कमी होते, झापड येते, आणि नसेवरचा दाब जिथल्या तिथेच राहतो.

हे सगळं प्रामाणिकपणे करूनही रोजचं चालणं अडत असेल, तर पुढची पायरी.

पायरी ४: कोणतं ऑपरेशन, कुणाकडून

आपल्याकडे हे ऑपरेशन अस्थिरोगतज्ज्ञ करतात. त्यांतही पाय आणि घोट्याचंच काम नेहमी करणारे गाठा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत असे सर्जन मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना हेच ऑपरेशन करणारे पोडियाट्रिस्ट, म्हणजे फक्त पायाचे डॉक्टर, हेही भेटतील. तिथे ती वेगळी पदवी आहे.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात जाड झालेली नस कापून काढतात. दुसऱ्यात नस तशीच ठेवून तिच्यावरचा आडवा पट्टा तेवढा कापतात, म्हणजे दाब कमी होतो. फ्रान्सच्या गोतिए यांनी १९७९ मध्ये हा दुसरा मार्ग मांडला. यात बोटांची संवेदना टिकते, पण नस खूप जाड झालेली असेल तर त्रास उरण्याची शक्यता राहते. काही सर्जन हाडाची लांबी किंवा जागा बदलून नसेला मोकळं करतात. चवड्याची ठेवणच बिघडलेली असेल तेव्हा त्याला अर्थ आहे.

नस काढायची असेल तर चीर पायाच्या वरच्या बाजूने की तळव्यातून, हा पुढचा प्रश्न. वरून घेतली तर जखम चालताना दाबली जात नाही आणि लवकर टाचेवर चालता येतं. तळव्यातून नस सरळ समोर दिसते, पण व्रण चालायच्या जागेवर येतो आणि सुमारे तीन आठवडे त्या पायावर वजन टाकता येत नाही. पहिल्याच ऑपरेशनला बहुतेक जण वरचा मार्ग घेतात, आणि मलाही तेच बरं वाटतं.

सर्जनला विचारा: नस काढणार की मोकळी करणार? चीर कुठून? असं ऑपरेशन तुम्ही किती वेळा करता? माझ्या बाबतीत ते फसलं तर कशामुळे फसेल? शेवटच्या प्रश्नावर जे डॉक्टर थांबून विचार करतात, त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

आता अपेक्षा. ढोबळमानाने दहापैकी आठ जणांना चांगला फरक पडतो. उरलेल्यांत काहींना थोडा, काहींना अजिबात नाही, आणि मोजक्यांचं दुखणं वाढतं. नस काढल्यावर त्या दोन बोटांच्या समोरासमोरच्या बाजू आणि मधली बेचकी कायमची बधीर होते. हा ऑपरेशनचा दुष्परिणाम नव्हे, ऑपरेशनच ते आहे: वेदनेच्या बदल्यात बधीरपणा. बहुतेकांना काही महिन्यांनी त्याचं काही वाटेनासं होतं. मधुमेह असलेल्यांनी मात्र इथे दोनदा विचार करावा, कारण बधीर बेचकीत झालेली जखम कळत नाही आणि चिघळते.

पायरी ५: तयारी

साखर आटोक्यात आणा. विडी-सिगारेट बंद, आणि तंबाखू-मिश्रीही, कारण निकोटिनमुळे पायाच्या टोकाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जन आणि गोळ्या देणारे डॉक्टर दोघांनाही विचारा, मनाने बंद करू नका.

बोटांत चिखल्या झाल्या असतील तर त्या आधी पूर्ण बऱ्या करा. चीर बेचकीच्या अगदी शेजारी असते, आणि तिथली बुरशी जखमेला नको. तातडी नसेल तर भर पावसाळ्यातली तारीख टाळलेली बरी, ओल्या रस्त्यावर टाचेवर चालणं अवघड जातं आणि ड्रेसिंग भिजतं.

जोडवी आदल्या दिवशीच काढून ठेवा. घट्ट बसली असतील तर साबणाच्या पाण्याने निघतात. ऑपरेशननंतर बोटं सुजतात, ती आत रुतली तर कापावी लागतात. पुढचे काही आठवडेही घालता येणार नाहीत, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवलेलं चांगलं.

घरात कमोडची सोय बघा. उकिडवं बसलं की सगळा भार चवड्यावर येतो, त्यामुळे भारतीय पद्धतीचा संडास काही आठवडे जमणार नाही. प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची भाड्यानेही मिळते. बाथरूममध्ये स्टूल ठेवा. विमा असेल तर डे-केअर ऑपरेशनला तुमच्या पॉलिसीत कसं धरलंय ते विचारून पूर्वमंजुरी घ्या, आणि कागदांवर ‘मॉर्टन्स न्यूरोमा’ हे निदान सगळीकडे एकसारखं लिहिलंय ना, ते तपासा.

पायरी ६: ऑपरेशनचा दिवस

जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. तुम्ही जागे असतानाच सर्जनकडून पेनाने खूण करून घ्या, आणि फक्त ‘उजवा पाय’ एवढी नको, कोणती बेचकी तीसुद्धा. हे सांगायला लाजू नका.

बहुतेक वेळा घोट्यापाशी इंजेक्शनं देऊन फक्त पाय बधीर करतात. रक्त थांबवायला घोट्याभोवती किंवा पोटरीवर पट्टा आवळतात, त्याचा दाब जाणवतो. पायाच्या वरून तीन-चार सेंटिमीटरची चीर घेतात, हाडं उपकरणाने फाकवतात आणि आडवा पट्टा कापतात. खालून तळवा दाबला की नस वर येते: पांढुरकी, आणि फाटे फुटायच्या जागी फुगलेली. बोटांकडचे दोन्ही फाटे सोडवून नस टाचेच्या दिशेने बरीच मागे जाऊन कापतात, म्हणजे तिचं टोक चालताना दाबलं जाणार नाही अशा ठिकाणी, स्नायूंमध्ये सरकतं. टोक पुढेच राहिलं तर तिथे नवी दुखरी गाठ धरते. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवतात. तो रिपोर्ट मागून घ्या आणि फाईलला लावा. पुढे कधी दुखणं परत आलं, तर काढली ती खरंच नस होती का, हे त्यावरून कळतं.

पायरी ७: घरी आल्यावर

पायाची भूल काही तास टिकते. ती पूर्ण उतरायची वाट न बघता डॉक्टरांनी लिहिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाय छातीपेक्षा उंच ठेवा. पाय स्टुलावर टेकवून सोफ्यावर बसणं म्हणजे उंच ठेवणं नव्हे. आडवे व्हा, पायाखाली दोन-तीन उशा घ्या. संडास-बाथरूमला जाताना दवाखान्यातून दिलेली, भार टाचेवर घेणारी सँडल घालूनच चाला. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही, अंघोळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पाय बाहेर ठेवायचा.

टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. तळव्यातून चीर असेल तर तीन. जखम कोरडी झाली की व्रणाला रोज बोटाने गोल मालिश करा आणि बोटं वर-खाली हलवा, नाहीतर व्रण खाली चिकटतो. तीन-चार आठवड्यांनी रुंद स्पोर्ट्स शूज, सहा आठवड्यांच्या आसपास नेहमीचे बूट, आणि पळणं तीन महिन्यांच्या सुमारास. सूज संध्याकाळी तीन ते सहा महिने येत राहू शकते, त्याला घाबरू नका.

बसून काम असेल तर दोन आठवड्यांत कामावर जाता येतं, उभं राहून असेल तर सहा आठवडे धरा. गाडीचं वेगळं. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर न दुखता जोरात ब्रेक मारता येईपर्यंत चारचाकी नको. गिअरची मोटरसायकल असेल तर डाव्या पायाने गिअर वर उचलताना दांडा नेमका व्रणावर दाबतो, आणि स्कूटर असली तरी सिग्नलला पाय टेकतो तो चवड्यावरच. गर्दीच्या वेळेची लोकल पहिला दीड महिना टाळा, एक पाय पायावर पडला तर पुरेसं आहे.

पायरी ८: डॉक्टरांकडे परत कधी

ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी लाली, गोळीने न थांबणारा ठणका, यासाठी त्याच दिवशी फोन करा. पोटरी सुजली आणि दुखायला लागली, किंवा दम लागला, तर फोन न करता सरळ इमर्जन्सीत जा, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. नुसत्या स्पर्शानेही आग होतेय, पायाचा रंग बदलतोय, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा थंड लागतोय, असं काही आठवड्यांनी दिसलं तर ‘बरं होईल हळूहळू’ म्हणत बसू नका. ही नसांची वेगळी प्रतिक्रिया असते आणि तिला फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

काही महिने बरे गेले आणि मग जुनंच दुखणं थोडं मागच्या बाजूला सुरू झालं, तर कापलेल्या टोकावर गाठ धरली असण्याचा संशय घेतात. शेजारच्या बेचकीत दुसरा न्यूरोमा राहून गेला, हेही घडतं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड आणि त्याचा निकाल कमी खात्रीचा, म्हणून पुन्हा पायरी २ पासून सुरुवात करा: भुलीचं इंजेक्शन, सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि सोबत पॅथॉलॉजीचा तो जुना रिपोर्ट. दुसऱ्या वेळी बहुधा तळव्यातून चीर घेऊन टोक आणखी मागे कापतात किंवा स्नायूत पुरतात, आणि मग ते तीन आठवडे कुबड्यांवर काढावे लागतात.